दंडावरचं बटण: शुगरचा सेन्सर चौदा दिवस लावून बघितला

सुरुवात बोटापासून करते कारण भानगड तिथूनच सुरू झाली. मी वाकळा शिवते. पुण्यामुंबईकडे गोधडी म्हणतात, आमच्या कोल्हापुरात वाकळ. धंदा वगैरे नाही, हौस. घरातल्या जुन्या सुती साड्या आणि आजेसासूबाईंची लुगडी संपेपर्यंत चालणारी. वाकळ शिवताना उजव्या हातातली सुई सगळ्यांना दिसते पण खरं काम डाव्या हाताचं असतं, ते बोट कापडाखाली वाट बघत बसलेलं असतं, टोक टेकलं की सुई परत वर ढकलायची. आणि माझ्या नेमक्या त्याच बोटाला सकाळी उपाशीपोटी शुगर बघायला टोचलेलं असतं. टाइप २ होऊन नऊ वर्षं झाली, म्हणजे हिशोब करा किती भोकं झाली असतील. अंगुस्तान घालून बघितलं, कापडाखालचं काही कळत नाही, टाके वेडेवाकडे येतात.

गेल्या थंडीत भाचीच्या बाळासाठी पांढऱ्या अस्तराची छोटी वाकळ करत होते आणि बरोब्बर मधोमध रक्ताचा टिपका. ज्या शिवतात त्यांना माहितीये यावर उपाय काय, ज्याचं रक्त त्याचंच थुंक लावायचं आणि गार पाण्यात चोळायचं. निघाला डाग. पण त्या रात्री नवऱ्याला म्हटलं बास, तो दंडावर लावायचा सेन्सर मागवूया, एकदा तरी.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी भांडत बसायचं नाहीये. बाजारात या प्रकारचे जे सेन्सर आहेत त्यांचं काम थोड्याफार फरकाने सारखंच चालतं. मला एक सेन्सर पाच हजारांच्या आतबाहेर पडला, चौदा दिवस चालतो, पंधराव्या दिवशी आपोआप बंद.

दिसायला कोटाच्या मोठ्या बटणासारखा. दंडाच्या मागच्या बाजूला स्पिरिटने पुसायचं, वाळू द्यायचं, मग तो शिक्क्यासारखा डबा दाबायचा, टक् असा आवाज होतो आणि संपलं. आत सुई जाते ती लगेच मागे येते, आत राहते ती फक्त केसासारखी बारीक तार, पाच-एक मिलिमीटरची. दुखतं का? बोटाला टोचण्यापेक्षा कमी, खरंच सांगते. मी डोळे मिटून बसले होते आणि नवरा म्हणाला अगं झालं की. मग तासभर सेन्सर स्वतःच तयार व्हायला घेतो, त्याला वॉर्मअप म्हणतात, त्यानंतर फोनवर आकडे यायला लागतात.

एक गोष्ट आधी समजून घ्या नाहीतर माझ्यासारखा पहिला दिवस रडण्यात जाईल. हा रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखाली पेशींच्या मधे जो द्रव असतो त्यातली मोजतो. रक्तात साखर वाढली की तिथे पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात, म्हणून जेवणानंतर शुगर झपाट्याने चढत किंवा उतरत असताना बोटाचा आकडा आणि दंडाचा आकडा जुळणार नाही. मी पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाला बोट टोचून दोन्ही ताडून बघत होते (म्हणजे ज्या त्रासातून सुटायला हे घेतलं तोच चौपट केला), एकदा बोटाला १५२ आणि दंडाला १८१. कस्टमर केअरला फोन लावला, पंचवीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि शेवटी पोरगी म्हणाली मॅडम पहिले चोवीस तास फरक पडतो. तेवढं पाकिटावर मराठीत लिहिलं असतं तर? पाकिटात सात-आठ भाषांचं माहितीपत्रक आहे, त्यात मराठी नाही. पाच हजाराच्या वस्तूत.

आणि हो, घरातलं मशीन म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. ग्लुकोमीटरचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यातच १०० च्या वरच्या आकड्यांना १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे खरी शुगर २०० असेल तर मशीनने १७० दाखवलं तरी पास. हे कळल्यावर मी ताडून बघणं बंद केलं आणि फक्त रेघ बघायला लागले, चढतेय की उतरतेय.

दुसरी रात्र मात्र विसरणार नाही. दोन चाळीसला फोन किंचाळला, शुगर ६२. त्याच वेळी मुलाचा पुण्याहून फोन, कारण त्याच्या मोबाइलवर पण माझे आकडे जातात, त्यानेच ॲप जोडून दिलेलं. “आई साखर खा, आत्ता खा!” नवरा लाइट लावून साखरेचा डबा घेऊन उभा, लुंगी सावरत. मला म्हणावं तर काहीच होत नव्हतं, घाम नाही, धडधड नाही. म्हटलं थांबा, बोट टोचते. १०४! डाव्या कुशीवर झोपले होते, दंड आणि सेन्सर अंगाखाली दाबला गेला की तिथला द्रव हलत नाही आणि आकडा खोटाच खाली दाखवतो. नंतर कळलं की हे सगळीकडे होतं. पुढचे बारा दिवस उजव्या कुशीवर झोपले आणि मान अवघडली ती वेगळी. एकट्या राहणाऱ्या बायकांनी रात्रीचा अलार्म वाजला की साखर तोंडात टाकायच्या आधी बोट एकदा टोचून खात्री करावी, फक्त त्रास होत असेल तर मात्र थांबू नये, सरळ साखर खावी.

आता खाण्याचं, सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. माझं एचबीएवनसी तेव्हा ७.९ होतं. तीन महिन्यांची सरासरी ती, म्हणजे साधारण १८० च्या आसपास. पण सरासरी म्हणजे काय, आमच्या गल्लीत पाणी आठवड्याची सरासरी काढली तर भरपूर येतं. कधी येतं आणि कधी नाही ते सरासरीत कुठे दिसतं?

पहिला धक्का तर काही न खाताच बसला. पहाटे पाचला ११८ आणि सातला १४६, मधे फक्त पाणी. वर्षानुवर्षं मी उपाशीपोटी शुगर जास्त आली की रात्रीच्या जेवणाला शिव्या देत होते, एक चपाती कमी कर, भात सोड. डॉक्टर म्हणाले पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, लिव्हर आपल्याकडची साखर रक्तात सोडतं, बऱ्याच डायबेटिसवाल्यांना हे होतं. म्हणजे नऊ वर्षं मी त्या एका चपातीवर उगाच संशय घेतला.

संक्रांत याच चौदा दिवसांत आली. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, १२१ वरून १६३, शांत रेघ, नऊवारीच्या काठासारखी. दुसऱ्या दिवशी गुळाची पोळी, अर्धीच खाल्ली भरपूर तूप घालून, १३९ वरून १९८. ठीक आहे म्हटलं, सणाची आहे. आणि मग संकष्टी. साबुदाण्याची खिचडी, एक वाटी, दाण्याचं कूट, दही बरोबर, उपास आहे म्हणून मन अगदी साफ. १२४ वरून २६८. दोनशे अडुसष्ट! मी फोन झटकला, जणू थर्मामीटर आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, कूट घातलं तरी तो काही ऐकत नाही. मी महिन्यातून एकदा तरी हे करत होते आणि गोड खाल्लं नाही म्हणून बाप्पाला हिशोब देत होते.

गुळाचं पण मिटवून टाकते कारण कोल्हापुरात राहून हे बोलायला धाडस लागतं. आमच्या गुळाला जीआय टॅग आहे, अभिमान आहे, पण “डायबेटिसला गूळ चालतो” हे साफ खोटं. दोन दिवस एकाच वेळेला चहा, एकदा चमचाभर साखरेचा एकदा तेवढ्याच गुळाचा. साखर ३३ ने चढली, गूळ ३१ ने. गुळात पण मुख्य साखरच असते हो, रंग वेगळा. चव छान, ते मान्य.

मिसळीवर मी पहिल्यापासून खलनायक म्हणून बोट ठेवलेलं पण ती निर्दोष निघाली. मटकीने फारसं काही केलं नाही. इकडे मिसळीबरोबर पाव नाही ब्रेड मिळतो, स्लाइस, त्या दोन स्लाइसनी १८९ पर्यंत नेलं, दुसऱ्या वेळी एकच घेतली तर १५८. पोह्यांनी मात्र ते निरागस तोंड करून २२१. तांबडा-पांढरा रस्सा आणि मटण, अर्धी भाकरी, पहिले दोन तास काहीच नाही, मी खुश, आणि रात्री अकरानंतर हळूहळू चढत गेली ती पहाटेपर्यंत वर, तेलातुपाने पचन रेंगाळतं त्यामुळे. फक्त दोन तासांनी टोचून बघितलं असतं तर मी टाळी वाजवून झोपले असते. ही रेघ बोटाने कधीच दिसली नसती. आणि ते “शुगर फ्री” लिहिलेलं बिस्कीट एका दुकानातून आणलेलं, दुप्पट भावाचं, त्याने साध्या बिस्किटाएवढीच उडी मारली. साखर नाही पण मैदा आहे ना आत. बाकीचा पुडा नवऱ्याने चहात बुडवून संपवला.

हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. नणंद म्हापशाला असते, तिलाही शुगर आहे, तिला म्हणे उकड्या तांदळाच्या पेजेने फार चढत नाही, मला चढेल. गोव्यावरून आठवलं, २०२३ मध्ये तो देशभराचा मोठा अभ्यास आला ना, भारतात १० कोटींच्या वर डायबेटिसवाले, त्यात गोवा सगळ्यात पुढे, २६.४ टक्के. नणंदेला सांगितलं तर म्हणाली “बरं झालं, एकटी नाही मी.”

पण या चौदा दिवसांत ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते खाण्याचं नाहीच. सहाव्या दिवशी दुपारी सव्वा वाजता मी खाली सतरंजीवर बसून वाकळीचा तिसरा पदर टाचत होते. जेवायला उशीर होणार होता, हे बँकेत गेलेले. सुईत दोरा ओवता येईना. दोऱ्याचं टोक थुंकी लावून वळलं, परत धरलं, टोक सुईच्या नाकाच्या इकडे जातंय तिकडे जातंय, हात हलतोय. हे मला गेले पाच-सहा महिने होत होतं, आठवड्यातून एखाद वेळी, आणि मी ठरवून टाकलेलं की चष्म्याचा नंबर वाढला. नंबर काढून पण आले होते, वाढला नव्हता, तरी नवीन काच करून घेतली. मानेला घाम, जानेवारीत. आणि तेवढ्यात फोन वाजला, ६४ आणि बाण सरळ खाली. म्हटलं परत खोटं बोलतंय मेलं, पण मी तर बसलेली, दंडावर काही दाब नाही. बोट टोचलं, ६७.

तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्यायले, पंधरा मिनिटं थांबले, परत बघितलं, ९१. मग दोरा एका झटक्यात ओवला गेला!

सकाळी मी ग्लिमेपिराइड घेते, ती गोळी जेवणाची वाट बघत नाही, पोटात काही असो नसो ती शुगर खाली ओढतच राहते. शिवायला बसलं की मला जेवणाची शुद्ध राहत नाही आणि नेमक्या त्याच दिवशी हे व्हायचं. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला, चौदा दिवसांत जेवणाआधी असे चार खड्डे. त्यांनी ती गोळी अर्ध्यावर आणली आणि दुसरी एक चालू केली, एम्पाग्लिफ्लोझिन, जी आधी परवडत नाही म्हणून आम्हीच नको म्हटलेली. २०२५ च्या मार्चमध्ये तिचं पेटंट संपलं आणि बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, आधी एक गोळी साठ रुपयांच्या आसपास पडायची. (हे वाचून कुणी आपापल्या गोळ्या बदलायला जाऊ नका हं, मी वाकळ शिवणारी बाई आहे.) एचबीएवनसीत हे चार खड्डे कधीच दिसले नसते, उलट त्यांच्यामुळे सरासरी चांगलीच दिसत होती. माझे पाच हजार त्या एका दुपारीच वसूल झाले.

शिवणाचंच अजून एक. दुपारी जेवून बैठक मारली की दोन ते पाच मी हलत नाही. रेघ बघितली तर चार वाजेपर्यंत १९० च्या आसपास आडवी पडलेली, माझ्यासारखीच. मग एक केलं, धावदोऱ्याचा एक दोरा संपायला मला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, दोरा संपला की उठायचं, गच्चीवर जाऊन यायचं आणि मगच नवा ओवायचा. साडेतीनलाच १४२. स्नायू हलले की ते इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात असं डॉक्टर म्हणाले. रात्रीचं पण करून बघितलं, सारखाच आमटीभात, एक दिवस जेवून टीव्हीसमोर, २१४, दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर वीस मिनिटं फेरी, १७१. नवऱ्याला भेळ न घेता परत आणणं हा भाग अवघड होता.

आता तक्रारी. ब्लाउजची बाही नेमकी सेन्सरवर येऊन संपते. ज्यांनी हे डिझाइन केलं त्यांनी ब्लाउज घातलेली बाई बघितलेली नसावी. तिसऱ्या दिवशी एक कड उचकटली. मी तीन ब्लाउजच्या बाह्या उसवल्या आणि जुन्या सुती साडीचा चार बोटं रुंद पट्टा शिवून वरून बांधला, त्यानंतर हलला नाही, अकराव्या दिवशी स्वयंपाकघराच्या चौकटीला दंड आपटला तेव्हा पट्ट्यानेच वाचवला. चिकटवलेल्या जागी खाज सुटते, काढल्यावर गोल लाल चट्टा आठवडाभर होता. काढताना खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा, ओरबाडू नका. आंघोळीला काही होत नाही. एमआरआय करायचा असेल तर बरेच सेन्सर काढावे लागतात, आधी विचारून घ्या. व्हिटॅमिन सीच्या जास्त पॉवरच्या गोळ्या चालू असतील तर काही सेन्सर आकडा चढवून दाखवतात, मला हे पाकिटावरून नाही, मेडिकलवाल्या दादांनी सांगितलं.

आणि घरचे. ही तक्रार कंपनीची नाही पण लिहिणारच. पहिल्या तीन दिवसांनंतर घरात मला कुणी “जेवलीस का” विचारेना, “किती आहे?” एवढंच. मुलगा ऑफिसातून मेसेज करायचा, “आई आत्ता काय खाल्लंस?” मी हळदीकुंकवाला तिळगुळाची एक वडी खाल्ली ती पुण्यात कळली. तिथेच एका काकूंनी विचारलं हे बीपीचं का, आणि एका लहान पोराने त्यावर बोट दाबून बघितलं, त्याला वाटलं गाणं लागतं. आठव्या दिवशी मी मुलाचं ॲप जोडलेलं काढून टाकलं, तो रुसला दोन दिवस. ज्यांना इन्सुलिन चालू आहे, ज्यांना शुगर खाली गेलेली कळत नाही, लहान मुलं, त्यांच्या बाबतीत घरच्यांनी बघणं गरजेचंच आहे. मला नव्हतं.

किमतीचं सांगायचं तर वर्षभर लावायचा म्हटलं तर सव्वीस सेन्सर, एक लाख तीस हजार. आमच्या पेन्शनीत शक्य नाही आणि मला वाटतं माझ्यासारख्या गोळ्यांवरच्या बाईला लागत पण नाही. शेवटच्या आठवड्यात मला नवीन असं काही कळलं नाही, तेच पोहे, तेच २२०. आकडे ७० ते १८० च्या मधे असण्याचा वेळ पहिल्या आठवड्यात ६१ टक्के होता तो शेवटी ७४ झाला, सत्तरच्या वर पाहिजे म्हणतात, म्हणजे पास. वर्षातून दोनदा, एकदा नेहमीच्या दिवसांत आणि एकदा सणात, एवढं पुरे. मधल्या काळात आपलं बोट आहेच. फक्त आता मी शिवणाचं बोट सोडून करंगळीला टोचते, तेही कडेला, मधोमध नाही. एवढी अक्कल नऊ वर्षांत यायला हवी होती.

पाचातले साडेतीन तारे. एक त्या माहितीपत्रकाचा कापला आणि अर्धा रात्री दोन चाळीसचा.

पुढचा सेन्सर गौरी-गणपतीत लावायचाय, उकडीचा मोदक आणि गौरीची पुरणपोळी दोघांची चौकशी बाकी आहे. दंडाचा पट्टा आत्ताच शिवून ठेवलाय, या वेळी नाडी नाही, टिचबटणं लावलीत, एका हाताने बसवता येतो.